राजगीरचे गरम झरे : आराम घ्या, औषध सोडू नका

हिवाळा लागला की आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातूनही उपासक-उपासिका बोधगया, नालंदा, राजगीरच्या धम्मसहलीला निघतात. राजगीर म्हणजे बिंबिसार राजाचे राजगृह. डोंगरांनी वेढलेले गाव, जवळच घोडाकटोरा तलाव, गृध्रकूट, वेळुवन आणि वैभार डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याचे झरे. उसाच्या फडात, वीटभट्टीवर झिजलेल्या गुडघ्यांना या झऱ्यांची ओढ वाटणारच. म्हणून निघण्यापूर्वी आपण थोडे समजून घेऊ.

पाणी गरम का?

पावसाचे पाणी जमिनीत खोल मुरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि खडकातील भेगांतून वर येते. यात चमत्कार नाही. थेरीगाथेतील पुण्णिका ही पाणी भरणारी दासी होती. पाण्याने पाप धुतले जात असेल, तर बेडूक-कासवेही स्वर्गात जातील, असे तिने नदीत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला सुनावले. आपणही या झऱ्याकडे पाणी म्हणूनच पाहावे.

फायदा किती?

उष्णतेने स्नायू सैल होतात, सांध्यांचा ताठरपणा कमी होतो, ठणका थांबतो. पण हा आराम काही वेळापुरता असतो. संधिवात, मधुमेह, रक्तदाब गरम पाण्याने बरे होत नाहीत. सहलीतही रोजच्या गोळ्या चुकवू नका. अंगावर बधिर चट्टा असेल तर कुंडाची वाट पाहू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. उशीर झाला तर हातापायांत कायमचे व्यंग येऊ शकते.

काळजी कोणती?

ब्रह्मकुंडाचे पाणी सुमारे ४५ अंश सेल्सिअस असते. शरीराचे तापमान ३७ अंश. इतक्या गरम पाण्यात रक्तवाहिन्या फैलावतात, रक्तदाब उतरतो आणि एकदम उठल्यास भोवळ येते.

- हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. गरोदर भगिनींनी व लहान मुलांनी कुंडात उतरू नये.
- मधुमेहात पायांची संवेदना कमी होते, भाजलेले कळत नाही. सोबतच्याने आधी कोपराने पाणी पाहावे.
- पाणी अंगावर थोडे थोडे घ्यावे. काही मिनिटांत बाहेर यावे, सावकाश उठावे, पाणी प्यावे.
- जखम, खरूज, गजकर्ण असल्यास सर्वांच्या कुंडात उतरू नये. डोके बुडवू नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये.
- छातीत दुखले, धाप लागली, तर लगेच बाहेर येऊन दवाखाना गाठावा.

विनयातील धडा

याच झऱ्यांना पाली ग्रंथांत तपोदा म्हटले आहे. भिक्खू उशिरापर्यंत अंघोळ करत राहिले, बिंबिसार थांबून राहिला. त्याची अंघोळ होईपर्यंत नगराचे दरवाजे बंद झाले, त्याला रात्र बाहेर काढावी लागली. तेव्हा तथागतांनी भिक्खूंसाठी पंधरा दिवसांतून एकदाच अंघोळीचा नियम केला. पुढे उन्हाळा, आजार, कष्टाचे काम, प्रवास, वारा-पाऊस यांसाठी सवलतीही दिल्या.

नियम माणसाच्या गरजेप्रमाणे मऊ झाला, पण मात्रा सुटली नाही. गरम झऱ्यावर आपणही तेवढेच पाळावे : शरीराला हवे तेवढे घ्यावे आणि मागे उभ्या असलेल्याला जागा द्यावी.