गेट लागलं की: फाटकावर काय करावं, काय टाळावं

वऱ्हाडात उघडझाप करणारा पूल नाही. पूर्णा किंवा मोर्णा नदीत जहाज शिरत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी रस्ता उचलून धरायची वेळ येत नाही. पण अशा पुलावरचा पेच आपल्याकडे रेल्वे फाटकावर रोज पडतो. वाटा दोन, जागा एक, एकाला सोडायचं तर दुसऱ्याला अडवायचं. हावडा-मुंबई मुख्य मार्ग बडनेरा, मूर्तिजापूर, अकोल्यावरून जातो. अकोल्याहून पूर्णा जंक्शन आणि अकोटकडे, बडनेऱ्याहून अमरावती आणि नरखेडकडे फाटे फुटतात. पारसच्या वीज केंद्राच्या कोळशाच्या मालगाड्याही याच रुळांवर. डाबकी रोड किंवा न्यू तापडिया नगरचं फाटक म्हटलं की अकोलेकराला पुढचं सांगावं लागत नाही.

गाडीला आधी वाट द्यायची, यावर वाद नाही. वाद आहे तो थांबणाऱ्याला कसं वागवायचं आणि थांबणाऱ्याने कसं वागायचं याचा.

वेळ ठरवणाऱ्यांनी काय करावं

• फाटक इतक्या आधी का लागतं, हे लोकांना एकदा नीट सांगावं. ताशी शंभर किलोमीटरने येणारी गाडी आणीबाणीचा ब्रेक लावूनही थांबायला साधारण एक किलोमीटर घेते. सिग्नलशी जोडलेल्या फाटकाचा दांडा पडून कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला हिरवा सिग्नलच मिळत नाही. म्हणजे ‘गाडीचा पत्ता नाही अन् गेट लावून बसला’ ही तक्रार गेटमनपाशी करून उपयोग नाही. गाडी दिसेपर्यंत तो थांबला, तर तिला सिग्नलपाशी उभं राहावं लागेल.

• आणखी किती थांबायचं, ते कळवावं. ‘अजून एक गाडी बाकी’ एवढी दिव्याची पाटी लावली तरी माणूस इंजिन बंद करतो, फोन काढतो, शांत होतो. दांड्याखालून वाकून जाणारे बहुतेक जण घाईपेक्षा अनिश्चिततेला वैतागलेले असतात.

• शाळा-कचेरीच्या वेळेत मालगाड्यांचा विचार वेगळा करावा. प्रवासी गाडीला वेळापत्रक असतं. मालगाडी कधी पुढे काढायची हे नियंत्रण कक्षात ठरतं, तेव्हा थोडी मोकळीक असते ती तिथेच. अमेरिकेत सिॲटलच्या फ्रीमाँट पुलाने हेच केलं आहे: कामाच्या दिवशी सकाळी ७ ते ९ आणि दुपारी ४ ते ६ लहान नौकांसाठी पूल उघडत नाही, मोठ्या जहाजाला मात्र सूट आहे. आपल्याकडचं जुनं उदाहरण कोलकात्याचं. हुगळीवर १८७४ मध्ये बांधलेला हावड्याचा तरंगता पूल जहाजांसाठी मधून सोडवावा लागे आणि तोही दिवसाच, ऐन वर्दळीत. १९०६ मध्ये समुद्री आगबोटी वगळून बाकीच्या नौकांना रात्री सोडायला सुरुवात झाली. शंभर वर्षांपूर्वी जमलं ते आज भुसावळच्या नियंत्रण कक्षाला अगदीच अशक्य असेल असं वाटत नाही.

• दोन गाड्या एकाच बंदमध्ये काढायच्या की मध्ये फाटक उघडायचं, हे रांग मोजून ठरवावं. प्रत्येक वेळी फाटक लावताना गाडीआधीची काही मिनिटं वाया जातातच. म्हणून दोन गाड्या लागोपाठ काढल्या तर एकूण वेळ वाचतो. पण समजा मिनिटाला वीस वाहनं येतात आणि फाटक दहा मिनिटं बंद राहिलं, तर दोनशे वाहनं उभी. ही रांग मागच्या चौकाच्या आत मावत असेल तर ठीक. चौकात शिरली, तर ज्यांना फाटक ओलांडायचंच नाही तेही अडकले. त्यामुळे बंदची कमाल मर्यादा फाटक आणि मागचा चौक यांच्यातल्या अंतरावरून काढावी. ती प्रत्येक फाटकाची वेगळी येईल.

• फाटकाच्या दोन्ही बाजूंना दुभाजक टाकावा. या यादीतलं एकच काम करायचं झालं, तर हेच. आपल्याकडे गेट लागलं की पाच मिनिटांत डावी बाजू भरते, मग उजवी भरते, आणि रुळापलीकडेही तसंच. दांडा वर जातो तेव्हा दोन्ही फौजा समोरासमोर! कोणालाच पुढे सरकता येत नाही, रुळांवर वाहनं अडकतात, तेवढ्यात पुढच्या गाडीची वेळ होते. फाटक लावता येत नाही म्हणून गाडी सिग्नलला उभी, ती उशिरा म्हणून तिच्या मागची उशिरा, आणि पुढचा बंद आणखी लांब. रस्त्याने केलेली कोंडी रेल्वेच्या वाटेने फिरून रस्त्यावरच येते. शंभर मीटरचा दुभाजक उड्डाणपुलाच्या मानाने फुकटातच पडतो.

• माघात शेगावला जाणाऱ्या पायी दिंड्या, कापसाचा हंगाम, दहावी-बारावीच्या परीक्षा यांच्या तारखा पोलीस ठाण्याने आणि ग्रामपंचायतीने स्टेशन मास्तरला आधी द्याव्यात. हजार माणसांची दिंडी फाटकाशी पोहोचल्यावर फोन करण्यात अर्थ नाही.

त्यांनी काय टाळावं

• गेटमनला ‘साहेबांची गाडी आहे, दोन मिनिटं धर’ असं सांगू नये. १९९७ मध्ये लंडनचा टॉवर ब्रिज ठरल्या वेळी एका बार्जसाठी उचलला गेला आणि अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांचा ताफा मधोमध तुटला. तिथे नदीचा हक्क आधीचा मानतात. आपले साहेब तेवढे मोठे नसावेत.

• दुरुस्तीसाठी फाटक दिवसभर बंद ठेवायचं असेल, तर त्याच सकाळी कागद चिकटवू नये. पर्यायी रस्ता कोणता आणि त्यावरून एस.टी. जाते का, हे आठवडाभर आधी सांगावं.

• फाटक बंद करून खाली बोगदा केला म्हणजे प्रश्न सुटला, असं मानू नये. पाणी काढायची सोय नसेल तर पावसाळ्यात त्या बोगद्याचं तळं होतं, आणि गाव मग रुळांवरूनच चालतं.

रस्त्यावरच्यांनी काय करावं

• आपल्या डाव्या बाजूला, एकामागे एक. इंजिन बंद.

• गाडी गेली तरी दुसऱ्या रुळाकडे पाहावं. मुख्य मार्ग दुहेरी आहे; मालगाडीच्या आड उलट दिशेची गाडी दिसत नाही आणि तिच्या आवाजात ऐकूही येत नाही.

• कुटार, कडबा, कापूस भरताना फाटकाआधीच्या उंचीच्या कमानीचा अंदाज ठेवावा. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. भारावर बसलेल्या माणसाला फाटकाआधी खाली उतरवावंच.

• रुळावर आपलं वाहन बंद पडलं तर आधी माणसं उतरवावीत आणि लगेच गेटमनला गाठावं. त्याच्याकडे स्टेशनचा फोन आहे, लाल झेंडी आहे. वाहन ढकलायचं नंतर.

काय टाळावं

• दांड्याखालून दुचाकी वाकडी करून काढणं. मागे लेकरू बसलेलं असताना तर हे पाहवतही नाही, राजेहो.

• स्वतः दांडा उचलणं. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६० नुसार बंद फाटक उघडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत, आणि तोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

• पुढे रुळापलीकडे जागा नसताना रुळांवर चढणं.

• गेटमनशी हुज्जत. त्याचा हात दांड्यावर असला तरी निर्णय त्याचा नसतो.

आणि गावाने

उड्डाणपूल मागताना नुसतं निवेदन देऊ नये, आकडा मागावा. दिवसभरातल्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं, असा हिशेब रेल्वे करते. तो एक लाखाच्या वर गेला की रेल्वे आणि राज्य यांनी खर्च वाटून पूल बांधण्याला आधार मिळतो. आपल्या फाटकावरची मोजणी शेवटची कधी झाली आणि ती कापसाच्या हंगामात झाली की ऐन मे महिन्यात, हे विचारावं.

२०२५ मध्ये केंद्राने वर्धा-भुसावळ ३१४ किलोमीटरच्या तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाला मंजुरी दिली. हा मार्ग अकोला आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांतून जातो. रूळ चार झाल्यावर फाटक उघडं राहायला आजच्याइतकीही फट मिळणार नाही. त्या आराखड्यात तुमच्या गावच्या फाटकाचं काय धरलं आहे, पूल, बोगदा की काहीच नाही, हे येत्या ग्रामसभेत विचारा आणि उत्तर लेखी घ्या.