ओचे म्हणजे काय गं, आई?

रात्रीचे साडेनऊ. उसळीसाठी मटकी उपसायची होती, इस्त्री राहिली होती. तेवढ्यात माझ्या नववीतल्या लेकीने विचारलं, "आई, ओचे म्हणजे काय गं?"

तिच्या वर्गाची जपानमधल्या एका शाळेशी पुस्तकांची देवघेव चालू होती. आपल्या मुलांनी 'तोत्तोचान' हे जपानी पुस्तक वाचायचं आणि 'श्यामची आई'मधला एक प्रसंग स्वतः इंग्रजीत करून पत्रासोबत तिकडे पाठवायचा. हिने आंघोळीचा निवडला. तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम आईला ओचे धोंड्यावर पसरायला लावतो, तो.

खरं सांगू? मला नीट सांगता येईना. "पदर लिही आणि झोप," म्हणून मी मोकळी झाले.

आपण सगळेच असं करतो, नाही का? पुढच्या वर्षी दहावी, क्लासची फी, त्यात हे नवीन काहीतरी. "याला मार्क आहेत का हो?" असं मीही बाईंना विचारून आले होते.

सासूबाईंनी मात्र आतून ऐकलं. उठून आल्या, पुढच्या निऱ्यांचा घोळ दोन्ही हातांनी उचलून धरला. "हा बघ ओचा. परसातली फुलं, शेंगा यात भरून आणायचो आम्ही." लेकीने बघून बघून तीन ओळी लिहिल्या.

मग मी माझं शहाणपण चालवलं. "साने गुरुजींनी हे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, ते आधी लिही. छाप पडते." तिच्या पत्रातला पुढचा परिच्छेद वाचून तर कपाळाला हात लावला. तोत्तोचानची शाळा रेल्वेच्या डब्यांत भरायची आणि मुख्याध्यापक कोबायाशी सांगायचे, जेवणाच्या डब्यात थोडं समुद्रातलं हवं, थोडं डोंगरावरचं. त्यावर हिने लिहिलं होतं, 'माझ्या डब्यात भाकरी आणि मटकीची उसळ असते. समुद्रातलं म्हणजे फक्त मीठ.'

"अगं, परदेशात जाणार हे! भाकरी-उसळ काय लिहितेस?"

ती काही बोलली नाही. वही मात्र हाताने झाकून घेतली. तिचा तो हात मला अजून दिसतो. चांगल्या हेतूनेच बोलले होते, पण तिला ऐकू आलं ते एवढंच, की आपलं घर दाखवण्यासारखं नाही.

पत्र मार्चमध्ये गेलं. एप्रिल सरत आला तरी उत्तर नाही. "माझं इंग्रजी वाईट होतं का?" तिने हळूच विचारलं. बाईंकडून कळलं, जपानमध्ये शाळेचं नवं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, सगळी धांदल असते. हे आधीच विचारलं असतं तर पोरीची घालमेल टळली असती. तुम्ही जरूर विचारा.

उत्तर आलं. तुरुंगाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. मटकीला मोड कसे आणतात, हे विचारलं होतं. आमच्याकडे शाळेच्या दारातच बूट बदलतात, वर्ग आम्हीच झाडतो, असं लिहिलं होतं. आणि शेवटी: श्यामच्या आईचं लुगडं ओलं झालं, त्याचं काय?

गुरुजींनी तेही लिहून ठेवलंय. मीच इतकी वर्षं फक्त पायांची गोष्ट लक्षात ठेवली होती.

अशी देवघेव काही कालची नाही. १९८८ मध्ये, अमेरिका आणि सोव्हिएत संघात अजून शीतयुद्धाचा ताण होता तेव्हा, न्यूयॉर्क आणि मॉस्कोकडच्या शाळा जोडून 'आयअर्न' हे शाळांचं जाळं सुरू झालं. पण शाळांनी दार उघडून दिलं, तरी पत्र मुलालाच लिहावं लागतं.

म्हणून आता मी दोनच गोष्टी पाहते. पत्र बाईंच्या हातूनच जावं, आणि त्यात घरचा पत्ता, फोन नंबर नसावा. बाकी चुका तिच्या तिच्याजवळ. विचारलं तर सांगते, नाहीतर शेजारी बसून मटकी निवडते. सोपं नाही हो, जीभ वळवळते!

आणि एखादा शब्द अडला, तर सरळ म्हणते, "मला नाही माहीत. चल, आजीला विचारू."

जपानचं पत्र आलं का, हे आता घरात सगळ्यांत आधी आजीच विचारते.