आणखी पूल बांधून कोंडी सुटेल का?

प्रश्न : पुण्यात इतके उड्डाणपूल झाले, तरी ऑफिस गाठायला तासभर मोडतो. अजून पूल हवेत का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : पुलांनी हे सुटणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. विद्यापीठ चौकातले पूल आठवा. मेट्रोच्या कामासाठी २०२० मध्ये ते पाडावे लागले. पूल गर्दी पुढच्या चौकात नेऊन सोडतो, आणि रस्ता मोकळा दिसला की आणखी चारजण गाडी बाहेर काढतात.

मी आधी बसथांब्याकडे बघतो. थांब्यासमोर कुणीतरी ‘दोनच मिनिटं’ म्हणून चारचाकी लावलेली असते. मग बस भर रस्त्यात उभी राहते, आजीबाई पिशवी सांभाळत गाड्यांमधून वाट काढतात आणि मागे हॉर्नचा गोंगाट सुरू होतो. ती एक गाडी हलवली तर अख्खी लेन सुटते! १२ मीटरच्या बसमध्ये ५०-६० माणसं जातात. तेवढ्या जागेत मोटारी जेमतेम तीन मावतात. म्हणून बसला स्वतंत्र मार्गिका हवीच. २००६ मध्ये अशीच मार्गिका, म्हणजे बीआरटी, आली, पण तिच्यात खासगी वाहनं घुसत राहिली. दोष कल्पनेचा नव्हता, अंमलबजावणीचा होता. रस्त्यावरच्या पार्किंगला पैसेही लावायलाच हवेत.

तुमच्या वाटेवर मेट्रो असेल तर वनाज स्थानकाहून आठवडाभर मेट्रोने जाऊन बघा.