गाईचा भाकड काळ

आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ घरांचा मीठमिरचीचा खर्च डेअरीच्या दुधावर चालतो. तेव्हा गाभण गाईची धार केव्हा बंद करावी, हा प्रश्न लहान नव्हे.

गाय सुमारे २८० दिवस गाभण असते. त्यांपैकी शेवटचे ६० दिवस तिला पिळू नये. ह्याच मुदतीत कासेतील झिजलेल्या पेशी जाऊन नव्या तयार होतात, व पोटातील वासरूही ह्याच दिवसांत झपाट्याने वाढते. ४० दिवसांहून कमी विसावा मिळालेली गाय पुढील वेतात दूध कमी देते. मुळीच न आटविलेल्या गाईचा तर चीकही निकस होतो. निर्गमाच्या २३ व्या अध्यायात शब्बाथाच्या विसाव्यात बैल व गाढव ह्यांनाही गणले आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे.

खिलारी गाईविषयी ही चिंता सहसा पडत नाही. तिचे दूध वासरापुरते, व तेही लवकर आटते. तीत धन्याची गैरसोय असली तरी गाईला विसावा भरपूर मिळतो. संकरित गाईचे मात्र उलट आहे. सातवा महिना भरला तरी ती दिवसाला १० लिटर देत असते, आणि येणारा पगार सोडवत नाही. म्हणून जी अधिक देते तिच्याच वाट्याला विसावा कमी येतो.

भर दुधात एकाएकी धार थांबविली तर कास ताठते, सड गळू लागतात, आणि उघड्या तोंडांतून दगडीचा रोग शिरतो. ह्यासाठी पंधरा दिवस आधीपासून पेंड व हिरवा चारा कमी करून कडबा द्यावा. पाणी मात्र तोडू नये. तसे करणे निव्वळ क्रौर्य होय. धार एकवेळ करावी. दूध ५ लिटरांच्या आत आले की कास पूर्ण रिकामी करून, पशुवैद्यास विचारून सडांत औषध सोडावे व पिळणे बंद करावे. पुढे काही दिवस कास फुगलेली दिसते. घाबरून पुन्हा पिळू नये, कारण त्याने दूध पुन्हा उतरते. ती तापली वा दगडासारखी लागली तर मात्र पशुवैद्यास बोलवावे.

उपदेशकबंधूंनी घरधन्यांस तारखा लिहून ठेवण्यास साहाय्य करावे. १ जानेवारीस फळलेली गाय ८ ऑक्टोबरच्या सुमारास विते. तिची धार ९ ऑगस्टला थांबवावी. म्हैस सुमारे ३१० दिवस गाभण असते, म्हणून तिच्या दोन्ही तारखा महिन्याने पुढे धराव्या.