मेध्य द्रव्ये आणि प्राणिप्रयोग : सर्पगंधेचा बोध

मेध्य कल्पांच्या माहितीपत्रकांत ‘प्राण्यांवरील प्रयोगांत विषादहर गुण सिद्ध’ अशा आशयाचे विधान आढळते. आपल्या चिकित्सालयात विषादाचा रुग्ण समोर बसलेला असताना या विधानावर कितपत भिस्त ठेवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रयोगात काय मोजतात?

पोरसोल्ट यांनी १९७७ मध्ये मांडलेली तरणचाचणी प्रसिद्ध आहे. पाण्याच्या उभ्या पात्रात सोडलेला उंदीर प्रथम धडपडतो व नंतर निश्चल तरंगतो. औषधाने हा निश्चल काळ घटल्यास ते विषादहर असण्याचा संभव मानतात. परंतु तरंगणे ही हताशा की शक्ती राखण्याचे शहाणपण, याविषयी मतभेद आहेत. शिवाय उंदरात फरक एक-दोन दिवसांत दिसतो. रुग्णास उपशय मिळण्यास बहुधा काही आठवडे लागतात.

सर्पगंधेचा इतिहास

१९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा उन्माद व रक्तदाबवृद्धी यांतील उपयोग प्रसिद्ध केला. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. रिसर्पीन हा तिचा घटक १९५२ मध्ये वेगळा करण्यात आला. १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी रिसर्पीनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा देताच ते पुन्हा हालचाल करू लागले. त्यातून कंपवाताच्या चिकित्सेस दिशा मिळाली. पुढे रिसर्पीन दिलेला प्राणी विषादहर औषधांच्या परीक्षणासाठीही वापरला गेला.

येथेच खरा बोध आहे. निश्चल प्राणी शांत झाला, खिन्न झाला की जखडला, हे केवळ त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. उन्मादातील शमनाचा गुण प्रथम रुग्णांतच दिसला होता.

चरकोक्त कसोटी

चरकसंहितेच्या निदानस्थानात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार यांचा विभ्रम म्हणजे उन्माद, असे प्रतिपादन आहे. उंदराची चेष्टा मोजता येते. भूलभुलैयात स्मृती व साखरपाण्याच्या ओढीवरून भक्ती, यांचा अंशतः अंदाज बांधता येतो. परंतु अपराधीपणा, निराशा व मरणाचे विचार प्रश्नपरीक्षेवाचून कळत नाहीत.

व्यवहारात काय करावे?

१. विषाक्तता, मात्रा व कार्यपद्धती यांविषयी प्राणिप्रयोग उपयुक्त आहेत. ते त्याज्य मानू नयेत.

२. औषधनिर्मात्यांनी प्रयोग कोणत्या प्राण्यावर, कोणत्या मात्रेत व कोणत्या स्वरूपातील द्रव्यावर झाला, हे स्पष्ट छापावे. मद्यार्कातील अर्कावरील निष्कर्ष चूर्णास वा वटीस जसाच्या तसा लागू होत नाही.

३. विषादाच्या रुग्णात सर्पगंधा टाळावी.

४. प्रत्येक भेटीत निद्रा, क्षुधा, कामातील रुची व आत्मघाताचे विचार यांची नोंद ठेवावी. असे विचार आढळल्यास केवळ मेध्य कल्पावर विसंबून कालहरण न करता नातेवाईकांना विश्वासात घ्यावे व रुग्णास त्वरित मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे.

सर्पगंधेची कीर्ती रुग्णांच्या काळजीपूर्वक निरीक्षणातून उभी राहिली. ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी यांच्याविषयीही आपल्या नोंदवह्या तितक्याच काटेकोर झाल्या, तर माहितीपत्रकातील विधानास रुग्णानुभवाचा आधार मिळेल.