पाहुणा नीट कशामुळे वागतो?

होमस्टे आणि खानावळ चालवणाऱ्या गटांच्या बैठकीत एक तक्रार हमखास निघते. पाहुणे येतात, जेवण आवडीने जेवतात आणि जाताना बाटल्या, वेफर्सची पाकिटं ओढ्यात टाकून जातात. "एवढी शिकलेली माणसं, पण अशी वागतात!" पण सगळेच तसे वागत नाहीत ना? म्हणून या महिन्याच्या पाठात उलटा प्रश्न घेऊ. जो पाहुणा नीट वागतो, तो कशामुळे?

आपल्याला वाटतं, माहिती दिली की माणूस सुधारतो. म्हणून आपण पाटी लावतो. पण प्लॅस्टिक वाईट हे शहरातल्या माणसाला माहीतच असतं. घरी ओला-सुका वेगळा करणारा माणूसही सुट्टीत ढिला पडतो. इथे त्याला कोणी ओळखत नाही, आणि दोन दिवसांत तो जाणार असतो.

त्याच्यावर जास्त परिणाम होतो तो बाकीचे काय करतात याचा. अमेरिकेतल्या एका हॉटेलातला अभ्यास २००८ साली छापून आला. काही खोल्यांत कार्ड ठेवलं, "पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा." शंभरातल्या साधारण ३५ जणांनी ऐकलं. दुसऱ्या कार्डावर होतं की इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात. तिथे ४४ जणांनी ऐकलं! बाकी काहीच बदललं नव्हतं.

याची उलटी बाजूही बघा. अमेरिकेतच ॲरिझोनात एक राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचा दगड झालाय आणि लोक त्याचे तुकडे खिशात घालून नेतात. "खूप जणांनी तुकडे नेले, त्यामुळे जंगलाची हानी होते" अशी पाटी लावली, तर खुणेसाठी ठेवलेल्या तुकड्यांपैकी शंभरात ८ चोरीला गेले. "कृपया नेऊ नका" एवढंच लिहिलं, तर २ सुद्धा नाही. म्हणजे "पर्यटक इथे फार घाण करतात" ही आपली पाटी पाहुण्याला काय सांगते? की सगळेच करतात, तूही कर. ती आजच काढा.

दुसरी गोष्ट, आपलेपणा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला लोक कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला येतात. राहतात गावातल्या घरांत, जेवतात त्यांच्याच हातचं. पिल्लं उजेडाकडे वळतात, म्हणून फ्लॅश मारायचा नाही, हे ज्यांच्या ओटीवर आपण झोपलो त्यांनीच सांगितलं तर ते मोडणं जड जातं. भंडारदऱ्याकडे काजव्यांचंही तसंच. काजवे एकमेकांना खूण करायला चमकतात, गाडीच्या दिव्यात ती खूण दिसत नाही. "टॉर्च बंद" असं ओरडण्यापेक्षा हे कारण सांगा. आणि सांगायचं ते झाडाखाली पोचल्यावर नाही, जेवायला वाढतानाच. (माझं मत विचाराल तर पिठलं-भाकरी वाढणाऱ्या मावशीचं पाहुणे जितकं ऐकतात, तितकं पाटीचं ऐकत नाहीत.)

तिसरी गोष्ट, सोय आणि पैसा. कचऱ्याचा डबा कुठंच दिसत नसेल तर चांगला माणूसही पाकीट दगडामागे सरकवतो. तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात दारूच्या बाटलीमागे १० रुपये जादा घेतात, रिकामी बाटली आणून दिली की परत देतात. दंडापेक्षा मला हे बरं वाटतं. दंडाला पहारा लागतो, आणि रात्री ओढ्यावर कोण बसणार? शिवाय बाटली एकाने टाकली तरी १० रुपयांसाठी दुसरा कोणीतरी ती उचलतो.

काजव्यांचा हंगाम मे अखेरीस सुरू होतो. त्याआधीच्या मासिक बैठकीत तीन गोष्टी ठरवून ठरावात लिहा: आपल्याकडच्या बाटलीवर अनामत किती, तिची वही कोणाकडे, आणि बुकिंगचा फोन आला की पाहुण्याला कोणती दोन वाक्यं सांगायची. ती वाक्यं प्रत्येकीने आपल्या बोलीत लिहून आणा, बैठकीत वाचू.