दादावाद आणि बतावणी

कलेतील बंडखोर चळवळी शिकवायच्या म्हटले की प्रथम फळ्यावर सनावळी येते. १९०९ भविष्यवाद, १९१६ दादावाद, १९२४ अतिवास्तववाद. विद्यार्थी ती वहीत उतरवतात, पुढे उत्तरपत्रिकेत उतरवतात, आणि ज्यांनी वस्तुसंग्रहालयांविरुद्ध आरोळी ठोकली त्यांचेच वर्गात वस्तुसंग्रहालय होते. प्रयोगकलेच्या वर्गात धोका निराळा. तिथे विद्यार्थी करून दाखवतात : अंगाला रंग फासणे, प्रेक्षकांत शिरणे, असंबद्ध ओरडणे. हे बंड आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते.

अशा वेळी शिक्षकाने एवढेच विचारावे : यात कोणाचा, कोणता संकेत मोडला?

मारिनेत्तीने १९१३च्या जाहीरनाम्यात व्हरायटी थिएटरची स्तुती केली, कारण तिथला प्रेक्षक मुकाट बसून राहत नसे. अंधारात शिस्तीने बसणाऱ्या युरोपीय प्रेक्षकाला हे नवे होते. आपल्याकडे बतावणीतला सोंगाड्या प्रेक्षकांना सरळ चिमटे काढतो, कीर्तनकार श्रोत्यांकडून विठ्ठलनाम म्हणवून घेतो. तेव्हा प्रेक्षकांशी बोलणे हे पुण्यात बंड कसे ठरावे? तो तर वारसा झाला.

मग आपल्याकडचे बंड कुठे दाखवावे? ‘घाशीराम कोतवाल’मध्ये. लेखन तेंडुलकरांचे, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात पहिला प्रयोग झाला. ब्राह्मणांची डोलणारी रांग क्षणात भिंत होते, क्षणात जमाव होते. घाट लोकनाट्याच्या ओळखीचा. पण धक्का बसला तो पेशवाईविषयीच्या पुणेरी अभिमानाला. वादळ उठले, संस्थेने प्रयोग थांबवले, आणि कलावंतांनी १९७३ मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ काढली. पुढच्याच वर्षी सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाणा’त मेलेले भाऊराव स्वतःच्याच मरणाचे कीर्तन करू लागले. कीर्तन जागच्या जागी राहिले, त्याखालची जमीन मात्र सरकली. माझ्या मते दादावादाच्या धड्याआधी ही दोन नाटके शिकवावीत.

त्यानंतर झुरिकला जावे. ५ फेब्रुवारी १९१६ रोजी ह्यूगो बाल व एमी हेनिंग्ज यांनी तिथे ‘काबारे व्होल्तेर’ उघडले. त्याच महिन्यात व्हर्दूंची लढाई पेटली. मार्चमध्ये त्झारा, ह्यूल्सेनबेक व यांको या तिघांनी जर्मन, फ्रेंच व इंग्रजी भाषांत एकाच वेळी एक कविता वाचली. श्रोत्यांना काही कळू नये, हाच हेतू! ज्या भारदस्त भाषेने तरुणांना खंदकांत धाडले, तिच्यावरचा विश्वास उडालेली ही माणसे होती. एवढे सांगितले नाही तर वर्गात केवळ हशा पिकतो.

याचा सराव आपल्या भाषेतच घ्यावा. तिघांनी एकाच वेळी बोलावे : एकाने सत्कारमूर्तींचा परिचय, दुसऱ्याने आभारप्रदर्शन, तिसऱ्याने शोकसभेतले भाषण. आपल्या शहरात शाल-श्रीफळांची वाण नाही, त्यामुळे मजकूर शोधायला फार हिंडावे लागू नये! तिन्ही भाषणांतली विशेषणे एकच आहेत हे ऐकू आले की तालीम थांबवावी आणि चर्चा सुरू करावी.

राहता राहिला गुणांचा प्रश्न. अर्धे गुण सादरीकरणाला आणि अर्धे एका पानाच्या टिपणाला द्यावेत. आपण कोणता संकेत मोडला आणि तो कोणाला प्रिय होता, हे त्यात लिहावे. टिपण साध्या मराठीत हवे. ‘अस्तित्वाचा आक्रोश’ वगैरे शब्द आढळल्यास ते पुन्हा लिहायला परत करावे.